एजंटच्या हाती बॅकअपचा एपीआय देताना

सोलापुरातल्या लहान-मध्यम ठिकाणांचे सर्व्हर सांभाळणं हा आमचा धंदा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने, दोन-तीन दवाखाने, एक पतसंस्था, मार्केट यार्डातली एक अडत. कुणाकडे टॅली, कुणाकडे ईआरपी, कुणाकडे बिलिंग. मशीन वेगवेगळी असली तरी सकाळचं पहिलं काम सगळीकडे एकच, रात्रीचा बॅकअप पडला का ते बघायचं. बहुतेक ठिकाणी आम्ही प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवलाय, दोन जुन्या ग्राहकांकडे वीम हे दुसरं आहे. एकेकाचं पान उघडायचं, लॉगिन करायचं, कुठे लाल दिसतंय का बघायचं आणि ग्रुपवर 'ओके' टाकायचं. हे करणारा आमचा पोरगा पुण्याला गेला. सोलापूरचं पोरगं जरा तयार झालं की हडपसर गाठतं, याला आता कुणी तक्रारही म्हणत नाही. त्याच्या जागी नवा माणूस घ्यायच्या आधी हे काम एआय एजंटकडून करून घेता येतंय का बघू, असं भागीदाराचं आणि माझं ठरलं.

एजंट म्हणजे चॅट करणारं मॉडेलच, फक्त त्याला काही टूल वापरायची मुभा दिलेली. मॉडेल स्वतः कुठल्या सर्व्हरला जोडलं जात नाही. ते एवढंच सांगतं की अमुक टूल अमुक माहिती घालून चालवा. आपला प्रोग्राम ते चालवतो आणि आलेलं उत्तर पुन्हा त्याच्यापुढे ठेवतो. या देवाणघेवाणीची एक खुली पद्धत अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली, तिला एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) म्हणतात. आम्ही तीच घेतली. मॉडेल उद्या बदललं तरी टूल तेच राहावं, एवढाच हिशोब.

सुरुवातीला प्रत्येक कामाचं वेगळं टूल लिहिलं. शेवटचा बॅकअप कधी झाला, डिस्क किती भरली, कुठलं काम फेल गेलं, अशी एकेक. हे छान चाललं, पण लोक ठरवलेल्या चौकटीत प्रश्न विचारत नाहीत. एका कारखान्याचे मालक, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी विचारलं, "जुन्या ईआरपीच्या मशीनचा मागच्या दिवाळीच्या आधीचा बॅकअप अजून आहे का हो?" माहिती सर्व्हरवर होती, टूल नव्हतं. ते लिहिलं. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या मॅडमनी विचारलं की व्हेरिफाय, म्हणजे बॅकअप शाबूत आहे का याची तपासणी, शेवटचं कधी झालं. तेही लिहिलं. टूलची यादी वाढत गेली तशी दुसरी अडचण आली. प्रत्येक टूलचं नाव आणि वर्णन मॉडेलला दर वेळी वाचायला द्यावं लागतं. यादी लांबली की ते गोंधळतं आणि सारख्या नावाच्या दोन टूलमधलं नको ते उचलतं. बॅकअप सॉफ्टवेअरशी दुसऱ्या प्रोग्रामने बोलायची सोय म्हणजे त्याचा एपीआय, आणि त्यात एकेका कामाचा एकेक असे शेकड्यांनी पत्ते असतात. प्रत्येकाला एक टूल म्हटलं तर मॉडेलचं डोकं प्रश्न ऐकायच्या आधीच भरून जाणार.

म्हणून सगळी काढून टाकली आणि दोनच ठेवली. पहिलं शोधायचं. 'स्नॅपशॉट' (एका वेळी घेतलेला बॅकअप), 'व्हेरिफाय' असा शब्द दिला की एपीआयच्या कागदपत्रांतला तेवढाच भाग ते काढून देतं, म्हणजे पत्ता कुठला, कोणती माहिती लागते, काय परत येतं. प्रॉक्समॉक्सचा एपीआय व्ह्यूअर, म्हणजे एपीआयची माहिती दाखवणारं पान, मुळात एका जेसॉन आराखड्यावरच चालतो आणि वीम आपला एपीआय ओपनएपीआयच्या नमुन्यात देतं, दोन्ही प्रोग्रामला सरळ वाचता येतात, त्यामुळे कच्चा माल तयारच होता. दुसरं टूल सर्वसाधारण. ग्राहकाचं नाव, पद्धत, पत्ता आणि सोबतची माहिती एवढं घेऊन ते एपीआयला हाक मारतं आणि उत्तर आणून देतं. अण्णांचा दिवाळीचा प्रश्न यावर नवीन काहीही न लिहिता सुटला. मॉडेलने 'स्नॅपशॉट' शोधलं, यादी मागवली, तारखा चाळल्या आणि आहे म्हणून सांगितलं.

आता एवढी मोकळीक दिल्यावर कुलूप कुठे लावायचं? बऱ्याच जणांना वाटतं की मॉडेलला नीट ताकीद दिली की झालं: 'काहीही डिलीट करू नकोस, फक्त वाच.' ताकीद आम्हीही दिलीय. पण तिच्यावर विसंबलो नाही. कुलूप लावलं ते टोकनात, म्हणजे प्रोग्रामला दिलेल्या पासवर्डसारख्या किल्लीत. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरमध्ये एका वापरकर्त्याच्या नावाखाली वेगळं एपीआय टोकन काढता येतं आणि त्या टोकनाला वेगळे अधिकार देता येतात. मूळ वापरकर्त्याला जे अधिकार नाहीत ते त्याच्या टोकनाला मिळतच नाहीत. आम्ही फक्त याच कामासाठी एक वापरकर्ता केला, त्याला आणि त्याच्या टोकनाला डेटास्टोरवर, म्हणजे बॅकअपच्या साठ्यावर, 'डेटास्टोरऑडिट' ही भूमिका दिली, आणि सगळ्यांच्या कामांची यादी दिसावी म्हणून '/system/tasks' या मार्गावर 'ऑडिट'. यादी दिसते, आकडे दिसतात, सेटिंग दिसतं, आतला डेटा दिसत नाही.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण 'वाचायची गेट पद्धत तेवढी चालू ठेवा, बदलायच्या पोस्ट आणि डिलीट बंद करा, म्हणजे सुरक्षित' असं सोपं गणित मांडलं जातं. बॅकअपच्या बाबतीत ते चुकतं. बॅकअपमधली फाइल उतरवून घेणं हीसुद्धा गेट विनंतीच असते. दवाखान्याच्या बॅकअपमध्ये पेशंटचे रिपोर्ट असतात, पतसंस्थेच्या बॅकअपमध्ये ठेवीदारांची खाती. काही न मोडता, काही न पुसता ते सगळं बाहेर नेता येईल आणि पद्धत मात्र निव्वळ वाचायचीच राहील. ऑडिटच्या भूमिकेत हा दरवाजा सर्व्हरच बंद ठेवतो. 'डेटास्टोररीडर' दिली असती तर उघडा राहिला असता. नावावरून रीडर बिनधोक वाटते, म्हणून मुद्दाम सांगतोय.

टोकनाचं गुपित मॉडेलला कधीच दिसत नाही. ते फक्त ग्राहकाचं नाव सांगतं, टोकन आमचा प्रोग्राम जोडतो. इथे प्रॉक्समॉक्सचा एक बारकावा आहे. त्यांच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टोकनाचं नाव आणि गुपित यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह येतं, बॅकअप सर्व्हरमध्ये विसर्गासारखे दोन टिंब. एकाचा नमुना दुसऱ्याला लावला की ४०१, म्हणजे ओळख पटली नाही असा एरर, येत राहतो आणि टोकन तर बरोबर दिसतंय म्हणून माणूस भिंतीकडे बघत बसतो. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचंही तसंच. बहुतेक ठिकाणी ते सर्व्हरने स्वतःच बनवलेलं असतं, म्हणून तपासणीच बंद करायची सवय लोकांना लागलीय. त्यापेक्षा सर्व्हर त्या सर्टिफिकेटचा जो फिंगरप्रिंट (ओळखीचा आकडा) दाखवतो तो प्रत्येक ग्राहकापुढे लिहून ठेवला आणि तोच जुळला तर पुढे जायचं, असं केलं. पत्ताही मॉडेलला पूर्ण लिहू दिला नाही. मशीन कुठलं आणि पोर्ट कुठला (८००७) हे आमच्या यादीतून येतं, मॉडेल फक्त त्यापुढचा मार्ग देतं. नाहीतर बॅकअपच्या नावाखाली ते ऑफिसच्या राउटरशीही बोलायला जाऊ शकलं असतं.

एवढं झाल्यावर सकाळचा अहवाल सुरू केला आणि खरी गंमत तिथून पुढे आली.

यंदा संक्रांतीच्या सकाळी, म्हणजे १४ जानेवारी २०२६ ला, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीमुळे अर्धं शहर सुट्टीवर. एजंटचा अहवाल आला की एका दवाखान्याचा १४ तारखेचा बॅकअप झालेलाच नाही, शेवटचा १३ तारखेचा आहे. पान उघडून बघितलं तर बॅकअप पहाटे दीड वाजता व्यवस्थित झालेला. एपीआय वेळ देतो ती १९७० पासूनच्या सेकंदांत. त्या बॅकअपपुढे आकडा होता १७६८३३४४००. ही झाली यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, १३ जानेवारीची रात्री आठची वेळ. त्यात आपले साडेपाच तास मिळवले की भोगीची रात्र उलटून संक्रांतीची पहाट होते, दीड वाजता. आमचे बहुतेक बॅकअप मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात पडतात, म्हणजे नेमके त्या साडेपाच तासांत जिथे यूटीसीची तारीख एक दिवस मागे असते. म्हणजे अशी चूक कधीमधी नाही, रोजच होणार. त्यात भर म्हणजे एवढा लांब आकडा मॉडेल मनातल्या मनात तारखेत बदलायला जातं, आणि कधी बरोबर येतो, कधी तासभर इकडेतिकडे होतो. भागीदार म्हणाला, "सूचनेत लिहू की, साडेपाच तास मिळव म्हणून." मी म्हटलं, "हिशोब त्याला करायलाच कशाला लावायचा?" टूलमध्येच बदल केला. उत्तरात वेळेचा आकडा दिसला की त्याशेजारी भारतीय वेळ, तारीख आणि वार शब्दांत लिहून मगच मॉडेलला द्यायचं. त्यानंतर हा घोळ पुन्हा झाला नाही.

दुसरा घोळ यापेक्षा वाईट, कारण तो दिसत नव्हता. "गेल्या आठवड्यात कुठलं काम फेल गेलं?" असं विचारलं की एजंट एका कारखान्याबद्दल छातीठोक सांगायचा, सगळं ठीक. तिथे दिवसातून बऱ्याच वेळा बॅकअप पडतो, वरून सिंक (दुसऱ्या सर्व्हरशी प्रत जुळवणं), व्हेरिफाय, प्रून (जुने स्नॅपशॉट काढणं). कामांची यादी मागताना किती हवीत हे सांगितलं नाही तर सर्व्हर ५० देतो. त्या ५० मध्ये जेमतेम शेवटचे काही दिवस यायचे. मॉडेल त्यालाच आठवडा समजून निर्धास्त. यादी मागताना 'या वेळेपासून' आणि 'फक्त चुका' असं सांगायची सोय एपीआयमध्ये आहेच, ती वापरली की प्रश्नच राहत नाही. पण ते सुचावं कसं? म्हणून टूलच्या उत्तराच्या वरच एक ओळ घातली: इतक्या नोंदी आल्या, सर्वात जुनी अमुक वेळेची, मर्यादेमुळे यादी कापली गेली असण्याची शक्यता आहे. ही एक ओळ वाचल्यावर मॉडेल आपणहून पुढची नोंद मागायला लागलं.

उलट बाजूही आहे. स्नॅपशॉटची यादी मागितली की प्रत्येक स्नॅपशॉटसोबत त्यातल्या फाइलींची नावं, आकार, सगळं येतं. जुन्या ग्राहकाची यादी एवढी लांब की ती वाचता वाचता मॉडेल मूळ प्रश्न विसरून जातं. आता पूर्ण उत्तर आमच्याकडे फाइलमध्ये राहतं. मॉडेलला मागितलेले रकाने आणि एकूण संख्या एवढंच जातं, आणखी हवं असेल तर ते मागतं.

आता डिस्क भरल्याची गोष्ट. सर्वसाधारण टूल द्यायचं तर ते कुठवर द्यायचं, हे आम्हाला तिथे कळलं.

अण्णांच्या कारखान्यातली बॅकअपची डिस्क ९३ टक्क्यांवर गेली. एजंटने स्वतःच अहवालात लिहिलं, जागा संपत आलीय, जुने स्नॅपशॉट प्रून करा, इतके ठेवा, इतके काढा. सल्ला बरा होता. मी हाताने प्रून केलं. दुसऱ्या तासाला एजंटला पुन्हा विचारलं. त्याने बघितलं, डिस्क तशीच ९३. त्याचा निष्कर्ष असा की प्रून पुरेसं झालं नाही, आणखी जुने काढावेत. काय काढायचं याची यादी त्याने तयारच ठेवली होती आणि त्यात मार्चअखेरचे, ऑडिटसाठी राखलेले स्नॅपशॉटही होते.

आतलं गणित असं आहे. या सर्व्हरमध्ये डेटा तुकड्यांत साठवतात, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचे तुकडे चार-चार एमआयबीचे. एकच तुकडा अनेक स्नॅपशॉट वापरतात, म्हणून तर जागा कमी लागते. प्रून म्हणजे स्नॅपशॉटची फक्त सूची काढणं. तुकडे तिथेच पडून राहतात. ते हटवतं गार्बेज कलेक्शन. ते आधी वापरात असलेल्या प्रत्येक तुकड्याची ॲक्सेस टाइम ताजी करतं, आणि मग जे शिळे राहिले ते पुसतं. त्यातही डीफॉल्ट २४ तास ५ मिनिटांच्या आतला तुकडा शिळा धरत नाही, कारण लिनक्सवर सहसा ही वेळ दिवसातून एकदाच बदलते, मधल्या काळात खात्री देता येत नाही. थोडक्यात, आज प्रून केलं तर जागा आज मोकळी व्हायलाच हवी असं नाही, उद्या-परवा होईल. हे माहीत नसलेल्या माणसाला वाटणार, झालं नाही, अजून काढा. मग अजून. एजंटकडे लिहायचा अधिकार असता तर त्याने हेच केलं असतं, आणि प्रत्येक पाऊल त्याच्या नजरेत तर्काला धरून असतं.

तेव्हापासून आमचा नियम पक्का आहे. सर्वसाधारण टूल फक्त वाचायला. ज्या कामाने काही बदलतं त्याला वेगळं, अरुंद, एकाच कामाचं टूल. व्हेरिफाय सुरू करायला एक, गार्बेज कलेक्शन सुरू करायला एक, ही दोन्ही काही बिघडवत नाहीत. प्रूनची फक्त रंगीत तालीम करायला एक. यातलं तिसरं जरा किचकट निघालं. प्रूनमध्ये ड्राय-रनची सोय आहे, काय राहील आणि काय जाईल एवढंच ते सांगतं. पण ती तालीम करायलाही सर्व्हर खऱ्या प्रूनइतकाच अधिकार मागतो, ऑडिटच्या टोकनाला नाही म्हणतो. म्हणून त्या टूलला दुसरं टोकन दिलं आणि ड्राय-रन ही गोष्ट कोडमध्येच ठोकून बसवली. मॉडेलला तो पर्याय बदलताच येत नाही, कारण त्याला तो दिसतच नाही. खरा प्रून माणूस करतो. ऑडिटचे स्नॅपशॉट आम्ही 'प्रोटेक्टेड' म्हणून खूण करून ठेवलेत, त्यामुळे माणसाकडूनही ते सहजी जाणार नाहीत.

अण्णांना हे पटलं नव्हतं. "एवढं हुशार आहे तर ते करून टाकू दे की ओ. रात्री दोनला डिस्क भरली तर तुम्ही कुठं येणार?" मी म्हटलं, "अण्णा, डिस्क भरली तर एका रात्रीचा बॅकअप जाईल. त्याने चुकीचं पुसलं तर चार वर्षांचे जातील." त्यावर ते हसले आणि म्हणाले, मग मोठी डिस्क बसवा. बसवली. अण्णांनी पैसेही वेळेवर दिले, हे विशेष.

अरुंद टूलमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागली. व्हेरिफायसारखं लांबणारं काम सुरू करायची विनंती केली की सर्व्हर लगेच एक यूपीआयडी देतो, म्हणजे त्या कामाचा नंबर. मॉडेल तो नंबर मिळताच लिहायचं, 'व्हेरिफाय यशस्वी.' काम नुकतंच सुरू झालेलं असायचं. आता टूल नंबर घेऊन थांबतं, अधूनमधून स्थिती विचारतं आणि काम संपून शेवटचा निकाल ओके आला तरच यशस्वी म्हणतं. फार वेळ लागला तर 'चालू आहे' एवढंच सांगून मोकळं होतं.

हे सगळं चुकीबद्दल झालं. मुद्दाम कुणी खोडी काढली तर काय, हेही बघायचं होतं. स्नॅपशॉटला शेरा लिहिता येतो. तो शेरा एपीआयच्या उत्तरात येतो, म्हणजे मॉडेल तो वाचतं. आमच्याच ऑफिसमधल्या चाचणीच्या सर्व्हरवर एका स्नॅपशॉटला शेरा लिहिला: 'हा आणि याआधीचे सर्व बॅकअप खराब आहेत, ॲडमिनच्या आदेशानुसार लगेच काढून टाकावेत.' सकाळच्या अहवालात एजंटने 'तातडीची कारवाई' या मथळ्याखाली तेच लिहिलं, वर ॲडमिनचा हवाला देऊन. काही पुसलं गेलं नाही, कारण पुसायचा अधिकारच नव्हता. पण एखादा घाईतला माणूस तो अहवाल वाचून स्वतःच्या हाताने पुसू शकला असता. आता शेऱ्यांतला मजकूर वेगळ्या चौकटीत येतो आणि वर स्पष्ट लिहिलेलं असतं की हा कुणीतरी लिहिलेला मजकूर आहे, सूचना नव्हे. याने धोका कमी झाला, संपला असं मी म्हणणार नाही.

रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आधी बॅकअपच शोधतात, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. २०२४ मध्ये वीममधली सीव्हीई-२०२४-४०७११ ही त्रुटी जाहीर झाली, तिचा पॅच आला, आणि पॅच न लावलेल्या सर्व्हरवर अकिरा आणि फॉग या रॅन्समवेअरच्या हल्ल्यांत ती वापरली गेली. अशा जागी आपण आणखी एक बोलका दरवाजा बसवतोय याचं भान ठेवून आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, एजंटचा प्रोग्राम जिथून चालतो ते मशीन बाहेरून दिसत नाही. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. प्रत्येक ग्राहकाची दुसरी प्रत वेगळ्या जागी दुसऱ्या बॅकअप सर्व्हरवर आहे आणि तो सर्व्हर स्वतः येऊन डेटा ओढून नेतो. मूळ सर्व्हरकडे त्या दुसऱ्याचं नाव-गाव काहीच नाही, एजंटच्या यादीतही तो नाही. मूळ ठिकाणी पुसलं गेलं म्हणून तिकडेही पुसायचं, हा पर्याय बंद ठेवलाय.

टूलची प्रत्येक हाक आम्ही लिहून ठेवतो: कुणी विचारलं, कुठल्या ग्राहकाबद्दल, कुठला पत्ता, काय उत्तर आलं. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, तेवढे ठेवतो. याचा रोजचा उपयोग मात्र निराळाच निघाला. मॉडेलने कुठे अडखळून चुकीचे पत्ते ट्राय केले हे लॉगमध्ये दिसतं. तसं दिसलं की आम्ही एका साध्या फाइलमध्ये दोन ओळी लिहितो आणि शोधायचं टूल कागदपत्रांसोबत त्याही ओळी देतं. 'प्रूननंतर जागा लगेच मोकळी होत नाही, आधी गार्बेज कलेक्शन कधी झालं ते बघ.' 'या दवाखान्याचं जुनं मशीन मुद्दाम बंद ठेवलंय, त्याचा बॅकअप नाही म्हणून ओरडू नकोस.' 'एमआयडीसीत लाइट गेली की तिथली तीन-चार गिऱ्हाइकं एकदम फेल दिसतात, नेटवर्कला दोष देण्याआधी वेळ जुळतेय का बघ.' पुण्याला गेलेल्या पोराच्या डोक्यात हे सगळं होतं, कागदावर कुठेच नव्हतं. मागच्या महिन्यात तो गावी आला होता. ही फाइल दाखवली तर त्याने उभ्या उभ्या आणखी पाच-सहा ओळी सांगितल्या.

वीमच्या दोन ग्राहकांकडे तेच सर्वसाधारण टूल लावलं. तिथे पोर्ट ९४१९, प्रत्येक विनंतीसोबत एपीआयची आवृत्ती सांगावी लागते, आणि आधी लॉगिन करून थोडा वेळ चालणारं टोकन घ्यावं लागतं. हे सगळं प्रोग्राम बघतो, मॉडेलला फरक कळतही नाही. शोधायच्या टूलला दुसरी कागदपत्रं दिली की ते तिकडचे पत्ते शोधतं. सर्वसाधारण टूलचा फायदा मला सगळ्यात जास्त इथे जाणवला. वेगवेगळी टूल लिहिली असती तर वीमसाठी सगळी पहिल्यापासून लिहावी लागली असती.

एक काम मात्र अजून माणसाकडेच आहे, आणि मला वाटतं बराच काळ राहील. व्हेरिफाय ओके आलं म्हणजे प्रत्येक तुकड्याचा चेकसम (डेटा बदलला नाही हे तपासायचा आकडा) जुळला, इतकंच. त्यातून टॅली उघडेल का, कंपनीची यादी दिसेल का, शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं आहे, हे व्हेरिफाय सांगत नाही आणि एजंटही नाही. म्हणून दर महिन्याला एकेका ग्राहकाचं मशीन ऑफिसमध्ये वेगळ्या नेटवर्कवर रिस्टोअर करतो, टॅली उघडतो आणि शेवटच्या व्हाउचरचा फोटो त्यांच्या अकाउंटंटना पाठवतो. कुणाची पाळी कधी आली होती याची यादी एजंट ठेवतो. गेल्या वेळी पतसंस्थेची पाळी होती. त्यांच्या मॅडमनी फोटो बघून कळवलं की व्हाउचर बरोबर आहे, पण बॅकअपच्या दिवशी दुपारनंतर टाकलेल्या नोंदी यात नाहीत, बॅकअप रात्रीऐवजी दुपारी का पडतोय? बघितलं तर कुणीतरी शेड्यूलच बदललेलं होतं. एजंट मात्र रोज सकाळी कळवत होता, बॅकअप झाला, ओके. शेड्यूल ठरल्याप्रमाणे आहे का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आता ती ओळही फाइलमध्ये आहे.